पक्षी, कृमी आणि जड धातू : एका दुर्लक्षित नात्याचा इतिहास

रानात किंवा पाणथळीवर मेलेला पक्षी तपासणीसाठी प्रयोगशाळेत आला, की बहुधा त्याचे दोन वाटे होतात. यकृत, मूत्रपिंड, हाडे आणि पिसे रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर जातात. शिसे किती, पारा किती, कॅडमियम किती, हे तो मोजून सांगतो. जठर आणि आतडे जातात कृमितज्ज्ञाच्या टेबलावर. तो त्यातले कृमी वेचतो, त्यांची जात ओळखतो, संख्या नोंदवतो आणि त्यांना बाटलीत जपून ठेवतो. पहिल्या टेबलावरच्या माणसाला कृमी म्हणजे धुऊन टाकायची घाण वाटते. दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला धातूंशी काही कर्तव्य नसते.

विसाव्या शतकाचा बहुतेक काळ ही दोन्ही टेबले एकमेकांपासून लांबच राहिली. पक्ष्याच्या अंगात गेलेले विष आणि त्याच्या आतड्यात राहणारे कृमी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. हा संबंध कसा लक्षात आला, त्यातले काय सिद्ध झाले आणि कशाला अजून फक्त शक्यता म्हणावे लागते, हे या लेखात आपण पाहू या. विज्ञानात मोजमाप आणि निष्कर्ष यांच्यात किती अंतर असते, हे वर्गात समजावून सांगायला हा इतिहास उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

छर्रे आणि बदके

गोष्ट सुरू होते ती शिशापासून. बदकांच्या शिकारीत बंदुकीतून एका वेळी शेकडो बारीक छर्रे उडतात. त्यांतले मोजकेच पक्ष्याला लागतात, बाकीचे तळ्याच्या गाळात जाऊन पडतात. बदकांना दात नसतात. धान्य आणि बिया दळण्यासाठी ती बारीक खडे गिळतात, आणि हे खडे पेषणी या जाड स्नायूंच्या पिशवीत राहून जात्याचे काम करतात. छर्रा आणि खडा यांतला फरक बदकाला कळत नाही. गिळलेला छर्रा पेषणीत घासला जातो, आम्लात थोडा थोडा विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते.

अमेरिकेत 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ साली बदकांच्या या शिसेबाधेवर लिहिले. १९१९ मध्ये अलेक्झांडर वेटमोर यांचा अहवाल अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला. वेटमोर यांनी केवळ मेलेली बदके मोजली नाहीत. त्यांनी पाळीव अवस्थेतल्या बदकांना छर्रे चारून पाहिले आणि रानातल्या आजारी बदकांत दिसणारी लक्षणे त्यांच्यातही उमटतात हे दाखवले. पंख लोंबणे, पाय लुळे पडणे, अंग झडत जाणे ही ती लक्षणे. संशयाचे पुराव्यात रूपांतर झाले ते या प्रयोगामुळे. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण लेखाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

पुढे इलिनॉय राज्यातल्या फ्रँक बेलरोज यांनी शिकाऱ्यांनी मारलेल्या बदकांच्या छत्तीस हजारांहून अधिक पेषण्या तपासल्या. उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी सुमारे २ ते ३ टक्के शिसेबाधेने मरत असावेत, असा अंदाज त्यांनी १९५९ मध्ये मांडला. तरीही पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यावर अमेरिकेत देशभर बंदी यायला १९९१ साल उजाडले. ग्रिनेल यांच्या लेखापासून मोजले तर तब्बल सत्त्याण्णव वर्षे.

याच पेषणीच्या अस्तरात ॲमिडोस्टोमम नावाचे केसासारखे बारीक गोलकृमी राहतात आणि पाणपक्ष्यांत ते सर्रास आढळतात. कृमितज्ज्ञांना ते चांगले ठाऊक होते. म्हणजे एकाच पिशवीत छर्रेही होते आणि कृमीही होते. पण छर्रे मोजणाऱ्यांनी छर्रे मोजले आणि कृमी मोजणाऱ्यांनी कृमी.

पिसांत लिहिलेला पारा

दुसरा मोठा धडा मिळाला स्वीडनमध्ये. पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून तिथे १९४० च्या सुमारास मिथिल पाऱ्याची संयुगे चोळली जाऊ लागली. १९५० नंतर शेतात दाणे टिपणारे पक्षी मरताना आणि कमी होताना दिसू लागले. त्यांच्या पाठोपाठ त्यांना खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांवर पाळी आली. राष्ट्रीय पशुवैद्यक संस्थेतील बोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या पक्ष्यांच्या यकृतांत आणि मूत्रपिंडांत पारा शोधून काढला.

पण एक शंका राहतच होती. हा पारा नवा कशावरून? निसर्गात तो पूर्वीपासून इतकाच नसेल कशावरून? बर्ग, योनेल्स, श्योस्ट्रांड आणि वेस्टरमार्क या चौघांनी त्याचे उत्तर संग्रहालयातून काढले. पिसे केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. केराटिनात गंधक असते आणि पारा गंधकाला घट्ट धरून राहतो. पीस वाढत असताना रक्तातला पारा त्यात जाऊन बसतो. पीस पूर्ण वाढले की त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि आतला पारा तिथेच राहतो. संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीचे पेंढा भरलेले पक्षी होतेच. त्यांची पिसे अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवून त्यांतल्या पाऱ्याचे प्रमाण काढण्यात आले.

१९६६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. १८४० ते १९४० या शंभर वर्षांत पाऱ्याची पातळी जवळपास तीच होती. १९४० नंतर गॉसहॉकसारख्या, म्हणजे शिक्र्याच्या कुळातल्या मोठ्या शिकारी पक्ष्याच्या पिसांत ती दहा ते वीस पट वाढली. त्याच वर्षी स्वीडनने बियाण्यासाठी मिथिल पाऱ्याच्या वापरावर बंदी घातली. पक्षी हा परिसराचा हिशेबनीस आहे, ही कल्पना तेव्हापासून रुजली.

हिशेबनीस म्हटला की त्याची वही बरोबर असली पाहिजे. पक्ष्याच्या अंगातला धातू किती हे फक्त परिसरावर अवलंबून नसते. पक्षी काय खातो, त्याचे वय किती, तो नर की मादी, पिसे कधी झडली, अंडी किती घातली या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. मादी अंड्यांतून काही पारा बाहेर टाकते, पिसांबरोबरही तो जातो. या गोष्टींची नोंद रसायनशास्त्रज्ञ करू लागले. पण अंगातले बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू त्यांच्या हिशेबाबाहेरच राहिले.

दुसऱ्या टेबलावर काय चालले होते?

कृमींचे शास्त्रही जुने आहे. कार्ल रुडोल्फी या शास्त्रज्ञाने १८०८ ते १८१० या काळात अंतःपरजीवींवर आपला मोठा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. पाणकावळ्याच्या जठरात राहणाऱ्या एका गोलकृमीला पुढे त्याच्या स्मरणार्थ 'काँट्रासीकम रुडोल्फाय' असे नाव मिळाले. आपल्याकडेही या शास्त्राची परंपरा आहे. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मराठवाडा विद्यापीठात प्रा. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोंबड्या, कबुतरे आणि इतर पक्ष्यांमधल्या अनेक पट्टकृमींचे वर्णन केले. जगभर या शास्त्राचा भर मात्र प्रामुख्याने वर्गीकरणावर आणि जीवनचक्रांवर राहिला.

आपल्या विषयासाठी तीन प्रकारचे कृमी समजून घेऊ. गोलकृमींना तोंड आणि अन्ननलिका असते. ते अन्न गिळतात. पट्टकृमींना तोंडही नसते आणि आतडेही नसते. यजमानाच्या आतड्यात पचून तयार झालेले अन्न ते सगळ्या अंगाच्या त्वचेतून शोषतात. तिसरा गट काटेरी डोक्याच्या कृमींचा. सोंडेवरचे काटे आतड्याच्या भिंतीत रुतवून हे कृमी लटकून राहतात. त्यांनाही आतडे नसते. पट्टकृमी आणि काटेरी डोक्याचे कृमी म्हणजे जणू उलटे केलेले आतडेच. आपल्या आतड्याचे शोषणाचे अस्तर आत असते, त्यांचे बाहेर असते.

असा प्राणी आतड्यातल्या अन्नरसात दिवसरात्र बुडालेला असेल, तर त्या रसातले शिसे आणि कॅडमियमही तो शोषणार नाही का? प्रश्न साधा आहे. पण तो नीट विचारला जायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक यावे लागले, आणि त्याचे पहिले ठोस उत्तर पक्ष्यात नव्हे, माशात मिळाले.

रूर नदीतला मासा

जर्मनीतील रूर नदीचे खोरे कोळसा आणि पोलाद यांसाठी प्रसिद्ध होते. या नदीतल्या चब नावाच्या माशाच्या आतड्यात 'पोम्फोऱ्हिंकस लेविस' हा काटेरी डोक्याचा कृमी राहतो. लांबी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. बर्न्ड झुरेस, होर्स्ट ताराशेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मासा आणि त्याचे कृमी यांच्यातल्या शिशाची मोजणी वेगवेगळी करून ती प्रसिद्ध केली. कृमींतल्या शिशाचे प्रमाण माशाच्या स्नायूंतल्या प्रमाणाच्या २७०० पटींपर्यंत होते. ज्याला आजवर धुऊन फेकले जात होते, त्याच्यातच शिसे सर्वांत दाट साठले होते.

सगळे कृमी सारखे नसतात हेही लगेच दिसले. याच गटाने ईल माशाच्या दोन कृमींची तुलना केली. आतड्यातल्या काटेरी डोक्याच्या कृमीत शिसे साठले होते. हवेच्या पिशवीत राहणाऱ्या गोलकृमीत ते तसे साठले नव्हते. कृमीची शरीररचना कशी आहे आणि तो यजमानाच्या शरीरात नेमका कोठे राहतो, यांवर बरेच काही अवलंबून आहे, असा याचा अर्थ झाला.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. कृमी शिसे घेतो, म्हणून माशातले शिसे कमी होते का? हे नदीतले मासे मोजून ठरणार नाही. त्यासाठी कृमी असलेले आणि नसलेले मासे सारख्याच शिसेयुक्त पाण्यात ठेवून पाहावे लागेल. झुरेस आणि सिडल यांनी असा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. कृमी असलेल्या माशांच्या आतड्याच्या भिंतीत शिसे कमी भरले.

त्यांनी याचे दिलेले स्पष्टीकरण समजून घेण्यासारखे आहे. कल्ल्यांतून रक्तात गेलेले शिसे यकृतात पोहोचते. यकृत ते पित्ताबरोबर आतड्यात सोडते. एरवी त्यातले काही विष्ठेबरोबर बाहेर पडते आणि काही आतड्याच्या भिंतीतून पुन्हा रक्तात जाते. यकृतातून आतड्यात आणि आतड्यातून परत यकृतात असा फेरा चालू राहतो. आता या वाटेवर कृमी बसलेला आहे. त्याला कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ स्वतः तयार करता येत नाहीत, म्हणून तो पित्तातली द्रव्ये शोषतो. त्यांना चिकटलेले शिसेही त्याच्यात जाते आणि फेरा मध्येच तुटतो. कृमी यजमानावर उपकार करायला बसलेला नाही. तो आपले अन्न घेतो आहे, आणि शिसे त्या अन्नाबरोबर येते.

अमेरिकेतील परिसंस्थाशास्त्रज्ञ केव्हिन लॅफर्टी यांनी १९९७ मध्ये, परजीवी आपल्याला मानवी हस्तक्षेपाबद्दल काय सांगू शकतात, असा प्रश्न मांडणारा लेख लिहिला. हळूहळू 'पर्यावरणीय परजीवीशास्त्र' अशी शाखाच उभी राहिली. दोन टेबले एकमेकांजवळ सरकू लागली होती.

पाणकावळा आणि पारवा

पक्ष्यांमध्ये हेच पाहण्याची पाळी त्यानंतर आली. पाणकावळा हा त्यासाठी सोयीचा पक्षी. तो मासे खातो, म्हणजे पाण्यातले धातू अन्नसाखळीतून त्याच्यापर्यंत येतात. त्याचे कृमीही त्याच वाटेने येतात. 'काँट्रासीकम'ची अंडी पक्ष्याच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या आधी सूक्ष्म कवचधारी प्राण्यांत, मग माशांत आणि शेवटी मासा गिळणाऱ्या पाणकावळ्याच्या जठरात पोहोचतात. चेक शास्त्रज्ञ व्लास्तिमिल बारुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांतील पट्टकृमी, तसेच पाणकावळा आणि त्याचे गोलकृमी यांच्यातले शिसे व कॅडमियम मोजले. ही मोजमापे २००० आणि २००१ साली प्रसिद्ध झाली.

दुसरा पक्षी म्हणजे आपल्या प्रत्येक गावाच्या माळ्यावर घुमणारा पारवा. तो माणसाच्या वस्तीतच राहतो, तिथलेच खातो, फार लांब जात नाही. शहरातले प्रदूषण मोजायला याहून जवळचा पक्षी नाही. कॅनरी बेटांवरील सांताक्रूझ दे तेनेरीफे या शहरातले पारवे आणि त्यांच्या आतड्यातील 'रेलिएटिना' वंशाचे पट्टकृमी यांची तपासणी स्पॅनिश शास्त्रज्ञांनी केली आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध केली. पारव्याच्या स्नायूंपेक्षा पट्टकृमीत शिशाचे प्रमाण कितीतरी जास्त होते. पारवा आणि त्याचा कृमी ही जोडी शहरातल्या प्रदूषणाची सूचक म्हणून वापरता येईल, असे त्यांनी सुचवले. रेलिएटिना वंशाचे कृमी आपल्याकडच्या कोंबड्या-कबुतरांतही आढळतात, म्हणून हे काम आपल्याला परके वाटू नये.

कृमीत धातू दाट साठतो याचा एक उपयोग असा, की परिसरात धातू अगदी थोडा असला तरी तो मोजता येतो. यजमानाच्या स्नायूत जे उपकरणाच्या टप्प्यात येत नाही, ते कृमीत येऊ शकते.

पटींचा घोळ

इथे आपण जरा थांबू. 'इतके पट' हा शब्द ऐकला की मन लगेच पुढे धावते. कृमीत शिसे वीस पट असेल, तर त्याने पक्ष्याचे सगळेच शिसे ओढून घेतले असेल, असे वाटू लागते. हे बरोबर आहे का? एक कल्पित उदाहरण फळ्यावर मांडून पाहू.

पारव्याचे वजन ३०० ग्रॅम धरा. त्याच्या अंगात दर ग्रॅमला एक भाग शिसे आहे असे समजा. म्हणजे पक्ष्यात एकूण ३०० भाग. त्याच्या आतड्यात एक ग्रॅम पट्टकृमी आहेत आणि त्यांच्यात प्रमाण वीस पट आहे. म्हणजे कृमींत २० भाग. एकूण ३२० पैकी २०, म्हणजे सुमारे ६ टक्के. वीस पट हा आकडा मोठा, पण वाटा लहान.

त्यात आणखी एक मेख आहे. आपण तुलना स्नायूंशी करतो, पण शिसे स्नायूंत कमी आणि हाडांत जास्त साठते. समजा हाडे धरून पक्ष्याच्या अंगातले एकूण शिसे ३०० ऐवजी ३००० भाग निघाले. मग कृमींचा वाटा एक टक्क्याच्याही खाली जातो. उलट प्रमाण २७०० पट असेल, तर दहावा भाग ग्रॅम कृमीही २७० भाग धरून ठेवतील आणि पहिल्या हिशेबात ते जवळजवळ निम्मे होईल. दाटपणा आणि एकूण साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित सहज जमते, आणि वर्तमानपत्रातल्या अनेक 'पटीं'कडे नीट पाहायला ते शिकवते.

हिशेबाला तिसरीही बाजू आहे. पट्टकृमीच्या शेपटाकडचे खंड पिकून गळत राहतात आणि विष्ठेबरोबर बाहेर जातात. प्रत्येक खंडाबरोबर थोडा धातूही जात असणार. म्हणजे एखाद्या दिवशी मोजलेला साठा लहान असला, तरी महिन्याभराची गळती मोठी असू शकेल. हौदात पाणी किती आहे हे पाहून तोटीतून किती वाहून गेले ते कळत नाही. ते कळायला काळाच्या ओघात मोजावे लागते, आणि रानातल्या पक्ष्याच्या बाबतीत नेमके तेच अवघड असते.

बाण उलट्या दिशेनेही

आतापर्यंत कृमी शिसे कमी करतो का, हे आपण पाहिले. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रपक्ष्यांनी या चित्राची दुसरी बाजू समोर आणली. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील आयडर बदकांचा अभ्यास वेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या बदकांच्या यकृतात पारा जास्त होता, त्यांच्यात गोलकृमीही जास्त होते. कृमी पारा ओढून घेत असतील तर उलटे दिसायला हवे होते.

या आकड्यांचा अर्थ काय लावायचा? किमान तीन शक्यता आहेत. पहिली, पारा आणि कृमी दोन्ही एकाच घासातून येतात. जो पक्षी विशिष्ट भक्ष्य जास्त खातो त्याला दोन्ही जास्त मिळतात, त्या दोघांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. दुसरी, पाऱ्यामुळे पक्ष्याची प्रतिकारशक्ती घटते आणि कृमींचे फावते. तिसरी, कृमींमुळे पक्षी रोडावतो, यकृत आकसते आणि तोच पारा कमी वजनात दाट दिसतो. तीनही बाबतींत आकडे सारखेच येतील. कारण मात्र प्रत्येक वेळी निराळे असेल.

पहिली शक्यता तपासणारे एक चांगले काम स्कॉटलंडजवळच्या आयल ऑफ मे या बेटावरील शॅग पक्ष्यांवर झाले. शॅग हा पाणकावळ्याचा समुद्री भाऊबंद. पूर्वी कृमी मोजायचे तर पक्षी मारावा लागे. इथे जिवंत पक्ष्याच्या जठरात दुर्बिणीची नळी घालून कृमी मोजले गेले, रक्तातून धातू मोजले गेले आणि पक्षी कोठे व काय खातो याचाही माग काढला गेला. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कृमींची संख्या आणि आहार यांचा संबंध दिसला नाही. म्हणजे 'एकाच घासातून दोन्ही' हे स्पष्टीकरण या ठिकाणी लागू पडत नव्हते. मात्र माद्यांमध्ये एक गोष्ट ठळक दिसली. सेलेनियम हे मूलद्रव्य पाऱ्याला बांधून त्याचा उपद्रव कमी करते. ज्या माद्यांत पाऱ्याच्या मानाने सेलेनियम कमी होते, त्यांच्यात कृमी जास्त होते. नरांत असे दिसले नाही. पाऱ्याचे ओझे आणि कृमींचे ओझे माद्यांना मिळून जास्त जाचत असावे, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला.

अंदाजाच्या पुढे जायचे तर प्रयोग हवा. वेटमोर यांनी बदकांना छर्रे चारले, झुरेस यांनी माशांना शिशाच्या पाण्यात ठेवले, तसा. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात जेनिफर प्रोव्हेंचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयडरच्या काही माद्यांना कृमिनाशक औषध दिले, काहींना दिले नाही आणि सर्वांच्या रक्तातला पारा मोजला. २०१७ साली त्यांनी सांगितले, की औषधाचा परिणाम मादी घरटे करते की नाही यावर दिसतो, पण मादी कधी पोहोचली आणि तिची प्रकृती कशी होती यांवर तो अवलंबून असतो. पाऱ्याच्या पातळीचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे त्या वसाहतीत, त्या वर्षांत, पाऱ्यापेक्षा कृमीच महत्त्वाचे ठरले. दुसऱ्या ठिकाणी, जिथे पारा खूप जास्त आहे, तिथे हेच दिसेल असे यावरून म्हणता येत नाही.

मग कृमी मित्र की शत्रू?

मुले हा प्रश्न विचारतीलच. त्याला एका शब्दात उत्तर देण्याचा मोह टाळावा. कृमी पक्ष्याचे अन्न खातो, त्याच्या आतड्याला इजा करतो, त्याला दुबळे करतो. हे सगळे खरेच आहे. तोच कृमी काही धातू स्वतःत साठवतो, हेही खरे आहे. माशाच्या एका जोडीत त्यामुळे यजमानाच्या काही भागांतला धातू कमी झाल्याचे प्रयोगाने दिसले. पक्ष्यांत मात्र बहुतेक पुरावा मोजमापांचा आहे, प्रयोगांचा थोडा. म्हणून 'कृमी पक्ष्याला विषापासून वाचवतात' हे विधान आज करणे घाईचे ठरेल.

पण एक गोष्ट ठामपणे सांगता येते. पक्ष्याच्या अंगातला धातू मोजून आपण परिसराबद्दल निर्णय घेतो. कोणत्या तळ्यावर शिकार थांबवायची, कोणते औषध शेतात वापरू द्यायचे, कोणता कारखाना दोषी, हे पक्ष्याच्या यकृताच्या आणि पिसांच्या आकड्यांवरून ठरू शकते. दोन तळ्यांवरच्या पक्ष्यांत शिशाचे आकडे वेगळे आले, तर त्याचे कारण पाणी असेल किंवा कृमीही असतील. कृमी मोजलेच नाहीत, तर ते आपल्याला कधीच कळणार नाही. चुकीच्या तळ्याला निर्दोष ठरवले, तर त्याची किंमत तिथले पक्षी मोजतात आणि त्याच तळ्यातले मासे खाणारी माणसेही.

वर्गासाठी एक सूचना. पक्ष्यांच्या आजारांचा धोका लक्षात घेता मेलेल्या पक्ष्याला विद्यार्थ्यांनी हात लावू नये, पक्षी कापून पाहण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. त्याऐवजी त्यांना हा प्रश्न द्यावा : पारा जास्त असलेल्या बदकांत कृमी जास्त आढळले. वर दिलेल्या तीन शक्यतांपैकी कोणती खरी हे ठरवण्यासाठी तुम्ही काय मोजाल, कोणाशी तुलना कराल, कोणाला औषध द्याल आणि कोणाला देणार नाही? विद्यार्थी गटागटाने विचार करतील तेव्हा त्यांच्या लक्षात येईल, की प्रत्येक शक्यतेसाठी वेगळी आखणी लागते आणि प्रत्येक आखणीत दोन्ही टेबलांवरची माणसे लागतात.

वेटमोर यांच्या बदकांपासून आयल ऑफ मेच्या शॅगपर्यंत शंभर वर्षांचा काळ गेला. या काळात मोजण्याची साधने खूप सुधारली. पण नव्या साधनाइतकेच उपयोगी पडले ते जुन्या टाकाऊ गोष्टीकडे पुन्हा पाहणे. संग्रहालयातली पिसे आणि आतड्यातले कृमी दोन्ही आधीपासून समोरच होते. त्यांना प्रश्न विचारायला मात्र कोणीतरी शेजारच्या टेबलापर्यंत चालत जाणे आवश्यक होते.